अकरा सऱ्यांची वाट

या, जरा जवळ सरका. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी एक बोलून घेते, राग धरू नका... तुम्ही लोक वाचता की नुसता अंगठा फिरवता? माझी नात शबाना मला ह्या ग्रुपवरचे अनुभव वाचून दाखवते. गोष्ट संपते न संपते तोवर खाली कुणी लिहितंय "फेक", कुणी लिहितंय "स्टोरी मस्त आहे". अरे लेकरांनो, माणूस पोटातलं काढून तुमच्यापुढं ठेवतंय, त्याला निदान पाणी तरी विचारा! असो. माझं शेवटापर्यंत वाचा, कारण शेवटी माझं तुमच्याकडं एक काम आहे.

मी जैतुनबी. वय एकाहत्तर. गाव जैतुनचाची म्हणतं. शाळा तिसरीपर्यंत. पुढचं लिहिणं-वाचणं माझा मुलगा सलीम शाळेत होता तेव्हा त्याच्याच पुस्तकांवर शिकले, तेव्हा चुका दिसल्या तर सलीमच्या मास्तरांना बोल लावा, मला नको.

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. नमाज चुकवत नाही, बाकी गंडा नाही, तावीज नाही. आमच्या चारीच्या, म्हणजे कालव्याच्या पाटाच्या, पुलाखाली हडळ आहे म्हणून बायका भर दुपारी तिकडं फिरकत नाहीत — मी त्याच पुलाखाली चाळीस वर्षं गोधड्या धुतल्या. हडळ काही भेटली नाही. माणसं भेटली. कुणी दुसऱ्याचं पाणी वळवतंय, कुणी दुसऱ्याचा बांध कोरतंय. त्यामुळं काही विपरीत घडलं की माझ्या मनात पहिला प्रश्न एकच येतो — ह्यात कुणाचा फायदा? माझी ही सवय लक्षात ठेवा. तिनंच माझा घात केला.

आता जागा नीट सांगते, म्हणजे तुम्हाला डोळ्यापुढं येईल. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्यानं निघालात की जंक्शन गावाच्या अलीकडं कालव्याची चारी लागते. चारीच्या कडंनं कच्च्या वाटेनं आत आलं की एक कडुनिंब, कडुनिंबाजवळ आमची विहीर, आणि विहिरीपासून सरळ उगवतीला आमचा ऊस. दोनशे पावलं. तो संपतो तिथं बांध. बांधापलीकडं भानुदास तात्याचा ऊस, तो दीडशे पावलं. सऱ्या, म्हणजे उसाच्या ओळी, दोघांच्याही एकाच दिशेनं. घरं मात्र गावात, तिथनं मैलभर.

त्या बांधावरनं माझी आणि तात्याची बारा वर्षं बोलचाल बंद होती. गुडघ्याएवढा उंच, दगडगोट्यांचा बांध. दोनदा सरकारी मोजणी झाली. पहिल्या मोजणीत हातभर रान माझं निघालं, दुसऱ्या मोजणीत हातभर त्याचं. म्हणजे भांडण जिथल्या तिथं. मी बांधावरचं गवत कापलं तर तात्या दगड मोजायचा, तात्यानं दगड हलवला तर मी सलीमला फोटो काढायला पाठवायचे. असं आमचं छान चाललं होतं.

आणि डोक्यावर विमानं. बारामतीला पोरं-पोरी विमान चालवायला शिकतात ना, ती छोटी विमानं दिवसभर आमच्या रानावर घिरट्या घालतात. आमच्या म्हशीसुद्धा आता मान वर करत नाहीत.

आता सुनंदाचं सांगते. दर हंगामाला आमच्याकडं आष्टीकडची टोळी ऊस तोडायला येते. अकरा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. त्यातली एक जोडी महादेव आणि सुनंदा. सात वर्षं त्यांची कोपी, पाचटाची झोपडी, आमच्या विहिरीजवळ पडायची. सुनंदा आली की आधी माझ्या घरी येऊन तवा घेऊन जायची. माझ्या सासूचा बिडाचा तवा, जाडजूड. "चाची, तुमच्या तव्यावर भाकरी टम्म फुगती, माझ्या पत्र्यावर नुसती करपती." हंगाम संपला की राखेनं घासून, पुसून, वर दोन मेथीच्या जुड्या ठेवून परत. तेवढे महिने मी स्टीलच्या तव्यावर भागवायचे आणि सुनेला सांगायचे, तवा लेकीकडं गेलाय.

मागच्या हंगामातली गोष्ट. थंडीचे दिवस. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आधी उजव्याचा काढायचा. गावात ज्याला त्याला सांगून झालेलं — अमक्या दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. सकाळी सातला सलीमनं मला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी पुन्हा मशीनला डोळा लावायला लावला आणि म्हणाले, "आजी, आधी डावा करू. तो जास्त पिकलाय." म्हटलं, डावा तर डावा, दोन्ही माझेच आहेत. साडेनऊला आत नेलं. सलीमला बाहेर फोन बंद करायला लावला. दुपारी बाहेर आणलं, संध्याकाळी घरी आले आणि डाव्या डोळ्याला पट्टी बांधून, चहा पिऊन झोपले. बस. एवढाच माझा दिवस. हे नीट ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दारात आरडाओरडा. बारा वर्षांनी भानुदास तात्या माझ्या दारात!

"जैतुनचाची! बाहेर या! डोळ्याचं नाटक करून माझा बांध फोडला व्हय?"

मी म्हटलं, "तात्या, आधी खाली बस. डोळ्याचं नाटक कसलं? पट्टी सोडून दाखवू का?"

"बसायला न्हाय आलो. काल मी इंदापूरला लग्नाला गेलो, ते बघून टोळी घातली माझ्या उसात! चला, दावतो."

सलीमच्या गाडीवर बसून गेले रानात. आणि बघते तर काय... विहिरीपासून सरळ, माझ्या उसातनं, बांधावरनं, तात्याच्या उसातनं पार शेवटापर्यंत एक वाट पडलेली. दोन्हीकडं माणसाच्या दीडपट ऊस उभा आणि मधे सगळं साफ. बांधाचे दगड उचलून कडेला रचलेले, माती पसरून सपाट केलेली. तुम्ही शहरातले, तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडं बांधाला हात लावणं म्हणजे माणसाच्या गळ्याला हात लावणं.

माझ्या उसाची तोड यायला अजून पंधरा दिवस होते. टोळी शेजारच्या रानात होती. कधीकधी ट्रॅक्टर आत न्यायला अशी वाट पाडतात, पण त्याला चार सऱ्या बास होतात. मी मोजल्या — अकरा. आणि मोळ्या? तोडलेल्या उसाच्या मोळ्या सरीतच पडतात, तिथनंच गाडी भरतात. ह्या मोळ्या डोक्यावर वाहून नेऊन चारीच्या कडेला रचल्या होत्या. एवढी फुकटची मेहनत कुठलीही टोळी करत नाही. मधे नुसतं पाचट, उसाचा वाळला पाला, अंथरलेलं, गादीसारखं.

मला लगेच संशय. तात्यानंच पाडली असणार, माझा हातभर गिळायला, आणि आता साळसूद बनून बोंबलतोय. तात्याला संशय माझा. दोघांनी टोळीला बोलावलं. मी सुनंदालाच विचारलं, कारण ती माझ्याशी खोटं बोलणार नाही ह्याची खात्री.

"सुनंदे, कुणी सांगितलं गं वाट पाडायला?"

सुनंदा माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली. "चाची, चेष्टा करताय व्हय? तुमीच की."

"मी?"

"काल सकाळी तुमीच आला व्हता न्हवं. पायी. डोळ्याला पट्टी. मी म्हणलं, चाची, आज तर तुमचं आप्रेशन. तर म्हणाला, झालं. अकरा सऱ्या घ्या म्हणाला, मोळ्या मधे ठिवू नका म्हणाला. मी म्हणलं, बांध काढला तर तात्या भांडत्याल. तर तुमी म्हणाला, उद्या भांडायला त्यांना येळ मिळायचा न्हाय."

तात्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली, की आता काय बोलतेस?

"बाई, मी काल बारामतीत टेबलावर होते! सलीम होता बरोबर!"

"आता ते मला कसं कळावं चाची. महादेवला इचारा, टोळीला इचारा."

महादेवनं मान हलवली. टोळीतल्या सगळ्यांनी मान हलवली. आणि बघा माझं मन कसं चाललं... मला वाटलं, सगळी टोळी तात्यानं फोडली. पट्टीचं काय, पट्टी तर आत्ता डोळ्यावर दिसतेच आहे, ती बघून सांगायला काय लागतंय? म्हटलं, "सुनंदे, सात वर्षं माझ्या तव्यावर भाकरी खाल्लीस. खरं सांग."

तिचं तोंड पडलं. वाकली, बांध होता तिथली मूठभर माती उचलली आणि डोक्यावर ठेवली. आमच्याकडं ह्याहून मोठी शपथ नाही. रानातली माती डोक्यावर घेऊन खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं म्हणतात.

"तुमीच व्हता चाची."

आणि मी — जीभ झडली नाही माझी — मी म्हटलं, "मातीसुद्धा खोटी केलीस?"

हे सगळं आमचं त्या वाटेवर मधोमध उभं राहून चाललेलं. मी दक्षिणेकडं तोंड करून, सुनंदा माझ्यासमोर, तात्या बाजूला, टोळी कडेला.

तेवढ्यात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं. कसं सांगू... घरातली पिठाची गिरणी बंद झाली की कानाला कळतं ना, तसं. वर विमानाची घरघर चालू होती, ती थांबली. आमच्या लक्षात यायला दोन क्षण गेले. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या म्हशींनी मान वर केली.

विमान उगवतीकडनं आलं. माझी डावी बाजू ती, आणि डावा डोळा बांधलेला. मला काही दिसलंच नाही. नुसता वारा शीळ घालतो तसा आवाज, आणि टोळी ओरडायला लागली. तेवढ्यात सुनंदानं दोन्ही हातांनी माझा दंड धरला आणि मला उसात ओढलं. अशी ओढली की मी तोंडावर पाचटात पडले आणि ती माझ्या अंगावर. तिच्या डोक्यावरची माती माझ्या मानेवर सांडली. मागनं धाड... मग फरफर फरफर... मग काहीच नाही.

उठून बघितलं तर विमान आमच्या वाटेवर. तात्याच्या बाजूनं उतरलं, बांध होता तिथनं पार झालं आणि माझ्या रानात मधोमध नाक टेकून थांबलं. पुढचं चाक मोडलेलं, पंखा वाकलेला. दोन्ही पंखांच्या टोकांपासून ऊस हात-दीड हातावर.

आत एक पोरगी. एकटीच. बाहेर आली आणि तिथंच पाचटात बसली. वीस-बावीसची असेल. नाव प्रणाली, अकोल्याकडची. कपाळावर एक ओरखडा, बाकी रक्ताचा टिपूसही नाही. सुनंदानं कोपीतनं चहा आणला. पोरीनं बशी तोंडाला लावली ती अशी, की चहा अर्धा पदरात... पदर कुठला, पँटीवर. मी तिला जवळ घेतलं. दोघींच्याही अंगाला पाचट चिकटलेलं.

इकडं तात्यानं काय करावं? रानातल्या गोठ्यातनं म्हशीची दावी आणली, दोन्ही पंखांना आणि शेपटीला बांधली आणि खुंट्या ठोकून विमान जखडून टाकलं. सलीम म्हणाला, "तात्या, ते काय खोंड हाय का उधळायला?" तात्या म्हणाला, "वाऱ्यानं सरकलं तर? तुज्या आईच्या रानातनं माझ्या रानात आलं म्हणजे पुन्हा मोजणी." तासाभरानं जीपमधनं त्यांचे शिकवणारे साहेब आले. पहिलं विचारलं, "हे कुणी बांधलं?" तात्या उसात शिरायच्या बेतात. साहेब म्हणाले, "बरोबर बांधलंय. आम्हीपण असंच बांधतो." त्या दिवसापासून तात्या चहाच्या टपरीवर विमानाचा एक्स्पर्ट आहे.

साहेबांनी वाट पावलांनी मोजली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग परत मोजली. म्हणाले, "एक सरी जरी कमी असती तर पंख उसात अडकून विमान उलटलं असतं." आणि बांधाचे रचलेले दगड एकेक करून बघत राहिले.

प्रणालीला मी विचारलं, "बाळ, तुला ही वाट दिसली कशी? वरनं तर सगळं हिरवंगार."

ती म्हणाली, "आजी, मी काल सरांबरोबर इथूनच गेली होती. तेव्हा ऊस तोडणं सुरू होतं. सर म्हणतात, खाली अशा जागा बघून ठेवायच्या, कधी लागतील सांगता येत नाही. म्हणून आठवलं." मग म्हणाली, "सगळी माणसं वाकून काम करत होती. एकच कुणीतरी सरळ उभं होतं, त्या दगडांजवळ. वर बघत होतं."

"बाई का माणूस?"

"तेवढं नाही दिसत, आजी."

मी मनात म्हटलं, तोच! तोच तात्याचा हस्तक! आता सांगा, देव एवढा मोठा चमत्कार पुढ्यात ठेवतो आणि ही बाई त्यात चोर शोधते.

पोलीस आले, पंचनामा झाला, बघ्यांची जत्रा जमली. ऊन चढल्यावर मी सुनंदाला निंबाखाली बाजूला घेतलं. ती खुशीत होती बिचारी. "चाची, पोरगी वाचली. मीबी तुमाला ओढलं येळंवर. आता तरी म्हणा की व्हय, मीच सांगितलं. कोण मारतंय आता तुमाला?"

म्हटलं, "जे मी केलं नाही ते मी का म्हणू? आणि तू मला ओढायला एवढी तयार कशी होतीस गं? तुला ठाऊक होतं का विमान येणार?"

ती वळून टोळीकडं चालायला लागली. मी मागनं गेले. सगळ्या टोळीदेखत बोलले. "तात्याकडनं काय घेतलंस ते तुझं तुला लखलाभ. पण खोटारड्या बाईची कोपी माझ्या विहिरीवर नको."

दुपारी कोप्या मोडल्या. मुकादमानं टोळी दुसऱ्या गावाला हलवली. मी घरी डोळ्यात थेंब घालून पडले होते. चारच्या सुमाराला दारात काहीतरी वाजलं. सून बाहेर गेली आणि तवा घेऊन आत आली. राखेनं घासलेला, पुसलेला. मेथीच्या जुड्या नव्हत्या.

मग मी तपास सुरू केला. मी सोडणारी नव्हे! आधी तात्या. तो गेला होता त्या लग्नाचे फोटो मागवले. पंगतीत बसलेला, तोंडात बुंदी. तो दिवसभर इंदापुरात होता हे नक्की. मग म्हटलं, ह्या विमानवाल्यांचाच काही डाव असेल. पण शिकाऊ पोरीचा जीव धोक्यात घालून त्यांना काय मिळणार? इंजिन का बंद पडलं ते आम्हाला आजतागायत कुणी सांगितलं नाही, ते वेगळं. मग महिनाभरानं डोळा दाखवायला गेले तेव्हा तिथल्या सिस्टरला गाठलं. म्हटलं, "पोरी, त्या दिवशी मी मधेच उठून कुठं गेले होते का?"

ती हसायला लागली. "आजी, डोळा उघडा टाकून कुठं जाल? मी तुमचा हात धरून होते." मग म्हणाली, "पण एक आहे. टेबलावर घेतल्यापासून तुमची बडबड चालू होती. म्हशीचं, सुनेचं, तात्याचं. डॉक्टर म्हणाले, आजी हलू नका. आणि मधेच तुम्ही एकदम गप्प झालात. इतक्या गप्प की डॉक्टरांनी दोनदा विचारलं — आजी, आहात ना?"

"मग मी काय म्हणाले?"

"काहीच नाही. पण हात गरम होता, मशीनवर ठोके ठीक होते, म्हणून पुढं चालू ठेवलं."

मला वाटलं, झोप लागली असेल. वाटणारच. दुसरं काय वाटणार?

खरी गोष्ट पुढंच आहे. हंगाम संपत आला तशी सुनेची कुरकूर सुरू झाली — तवा घरात आहे पण त्यावर भाकरी नीट होत नाही. होणार कशी, मी नीट बघतच नव्हते तव्याकडं. शेवटी मीच सलीमला म्हटलं, महादेवला फोन लाव, खुशाली तरी विचार. सलीमनं फोनमध्ये महादेवचं नाव शोधलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"अम्मी, ह्याचा एक व्हॉइस मेसेज आलाय. मी उघडलाच नव्हता."

त्याचं असंच आहे. डेअरीचे, टोळीचे, कारखान्याचे, दिवसाला शंभर मेसेज. त्या दिवशी फोन बंद होता, संध्याकाळी चालू केल्यावर सगळे एकदम धडाधड आले, त्यात हा खाली गेला.

मेसेजवरची तारीख ऑपरेशनची. वेळ सकाळी दहा चाळीस. मी तेव्हा टेबलावर.

आवाज सुनंदाचा. मला पाठ झालाय आता. "सलीमभाव, म्या सुनंदा बोलतीया. चाची आल्यात रानात. एकल्याच आल्यात, डाव्या डोळ्याला पट्टी हाय. वाट पाडा म्हणत्यात, तात्याच्या रानातनंबी. बांध काढा म्हणत्यात. पाडू का? लगीच सांगा, टोळी खोळंबलीया."

डाव्या डोळ्याला! सगळ्या गावाला उजवा ठाऊक. डावा करायचं ठरलं ते सकाळी दवाखान्यात, आणि ते ठाऊक डॉक्टरला, सिस्टरला, सलीमला आणि मला. सलीमचा फोन बंद. सुनंदाला वाटलं असणार, सलीमनं ऐकलंय आणि तरी आईचीच बाजू धरतोय, म्हणून तिनं त्या दिवशी मेसेजचं नाव काढलं नाही.

आणि मेसेज तिथं संपत नाही. सुनंदाचं बोलणं थांबतं, मागं कोयत्यांचा खपखप आवाज, आणि लांबनं एक बाई बोलते. "अगं विचारत काय बसलीस? वेळ नाही. अकरा घ्या, अकरा."

सलीमनं फोन खाली ठेवला. पुन्हा उचलून मेसेज परत लावला. मग म्हणाला, "अम्मी, हा तुझाच आवाज आहे."

मी म्हटलं, "नाही."

सून म्हणाली, "अम्मी, तुमचाच आहे." शबानाही तेच म्हणाली. तात्याला ऐकवला — आता आम्ही बोलतो एकमेकांशी, बांध पुन्हा घातलाच नाही, तिथं दोघांनी मिळून शेवग्याची रोपं लावलीत — तर तात्या म्हणाला, "चाची, बारा वर्षं बांधापलीकडनं ह्याच आवाजानं मला शिव्या घातल्यात. मी चुकंन व्हय?"

मला मात्र तो परक्या बाईचा वाटतो. म्हणतात की माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. खरं आहे का हो हे? तुमच्यात कुणी शिकलेलं असेल तर सांगा. मी कितीदा तरी ऐकला. त्या बाईच्या आवाजात एक घाई आहे, आणि जरा दम लागलेला आहे... मैलभर चालत आल्यासारखा.

मी सगळ्यांवर संशय घेतला. एकीवर घ्यायचा राहिला होता — स्वतःवर. आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. मौलवींना विचारलं, ते म्हणाले, पोरीचा जीव वाचला, शुक्र करा आणि खोलात जाऊ नका. डॉक्टर म्हणाले, योगायोग. डाव्या डोळ्याचं म्हटलं तर म्हणाले, निम्मे वेळा अंदाज बरोबर येतोच, आजी. मला काही कळत नाही. तुम्हाला कळलं तर कळवा. पण खाली "फेक" लिहिणार असाल तर आधी घरी या, मेसेज ऐका आणि मग माझ्या तोंडावर म्हणा.

आता माझं काम. महादेवचा तो नंबर लागत नाही. ह्या हंगामाला टोळी आली, पण त्यात ती दोघं नाहीत. मुकादम म्हणतो, दुसऱ्या टोळीबरोबर गेली, कुठं ते ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणी आष्टीकडचं असेल, कुणाच्या रानात सुनंदा नावाची बाई ऊस तोडत असेल — उंच, सावळी, पुढच्या दातात फट, हसली की तोंडावर हात धरते — तर एवढं तिला वाचून दाखवा. ती शिकलेली नाही. तिच्या कानाशी बसून वाचा.

सुनंदे, ऐक गं. तू खरं बोललीस. माती डोक्यावर घेऊन खरं बोललीस आणि मी तुला सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं. वर तूच मला विमानाखालनं ओढलंस. आता माती मी घेते डोक्यावर, तुझ्यासमोर, टोळीसमोर, म्हणशील तिथं. तवा चुलीपाशीच ठेवलाय, त्यावर कुणाचीच भाकरी फुगत नाही.

आणि अजून एक आहे. माझा उजवा डोळा राहिलाय. डॉक्टरांचे दोनदा फोन येऊन गेले, मी तारीख देत नाही. मला भीती ऑपरेशनची नाही. मी तिथं टेबलावर गप्प पडले की ती दुसरी कुठं जाईल आणि कुणाला काय सांगेल, ह्याची आहे. तिला बघितलेल्यांत एक तूच आहेस जी माझ्याशी खरं बोलेल. त्या दिवशी तू रानात थांब, कडुनिंबाखाली. ती आली, तर घाबरू नकोस, आधी पाणी दे, आणि मग विचार — बाई, तुम्ही कोण?

ये गं लवकर. महादेवलाही आण. तू येशील त्यानंतरचीच तारीख देणार आहे मी डॉक्टरला.